मिरजेचा तानपुरा आणि यवतमाळचा रियाज

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद चालू आहे. काचेच्या वॉल्व्हवर चालणारा जुना अॅम्प्लिफायर हाच खरा, की त्याच्या आवाजाची संगणकी नक्कल करणारे छोटे यंत्र तेवढेच चालेल? आपल्याकडे हाच प्रश्न त्याहून आधी उभा राहिला; वाद्य तेवढे वेगळे होते. १९७९ च्या सुमारास बंगळुरूत जी. राज नारायण या अभियंत्याने इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि पुढच्या काही दशकांत तो देशभरच्या गायनवर्गांत पोचला. आज यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा किंवा उमरखेडला शास्त्रीय गाणे शिकू लागलेल्या मुलाच्या कानावर पहिला षड्ज पडतो तो बहुधा अशा यंत्रातून किंवा मोबाइलमधून. खऱ्या तानपुऱ्याची जागा नकलेने इतक्या शांतपणे घेतली की त्यावर फारसे भांडणही झाले नाही. माझ्या मते ते भांडण व्हायला हवे होते, पण आवाजाच्या मुद्द्यावर नव्हे. नकलेने तानपुऱ्याचा आवाज बराचसा पकडला आहे. तिने काढून घेतले ते तानपुरा सुरात लावण्याचे काम, आणि त्या कामात गाण्याच्या शिक्षणाचा मोठा भाग होता. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा नफा-तोटा जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्या-मुंबईत दिसत नाही.

महाराष्ट्रात तानपुरा म्हटले की मिरज. मिरजेची परंपरा सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथल्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला गवई येत आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळत नसे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ते काम अंगावर घेतले आणि दुरुस्तीवरून ते घडणीकडे वळले. शस्त्रांची मागणी त्या काळात आटत चालली होती. पोलादावर बसलेला हात लाकडावर आणि तारेवर आला. पुढे ही विद्या त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि सतारमेकर हेच अनेकांचे आडनाव झाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात, लाकूड बहुधा तुणीचे असते. वाळवलेला भोपळा कापायचा, त्याला गळा जोडायचा, वर तबली बसवायची, दांडी आणि खुंट्या लावायच्या, घोडी घासायची. ही सारी कामे हाताची. मात्र मिरजेच्या वाद्याला जे नाव मिळाले ते या कामगिरीइतकेच शेजारामुळे मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच त्यांच्यापाशी शिकले, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये वारले तोवर मिरजेचेच रहिवासी होते. तानपुऱ्याच्या सुराबद्दल अत्यंत काटेकोर असलेले हे गवय्ये आणि वाद्य घडवणारे कारागीर एकाच गावात राहत होते. घोडी किंचित जास्त घासली गेली तर ते सांगणारा कान चार गल्ल्यांवर होता. वाद्य अशा सततच्या तपासणीतून सुधारत गेले.

कारागिराचा हात आणि गवयाचा कान ज्या ठिकाणी एकत्र येतात ती जागा म्हणजे जवारी. तानपुऱ्याची घोडी सपाट-रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलक्या उतारात घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून योग्य जागी आणला की आवाज एकदम उलगडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या छोट्या शोधनिबंधात याच गोष्टीकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या सहायक नादाचे कंपन शून्य असते तो नाद ऐकू येऊ नये, असा तंतुवाद्यांचा प्रस्थापित नियम होता. तानपुऱ्यात ते नादही ठसठशीत ऐकू येतात, असे रामन यांना आढळले, आणि त्याचे श्रेय त्यांनी घोडीच्या माथ्याला आणि त्या धाग्याला दिले. गवयांना हे अनुभवाने ठाऊक होते. खर्जाची तार नीट लागली की कोणीही न छेडलेला गंधार वातावरणात उभा राहतो, तो याच सहायक नादांपैकी पाचवा. चार तारांवर पंचम, दोन षड्ज आणि खर्ज एवढेच लावलेले असताना गळ्याला गंधाराची अचूक जागा दाखवली जाते. तानपुरा नीट लागला नसेल तर हा गंधार ऐकू येत नाही. म्हणजे वाद्य सुरात लागले की नाही याची परीक्षा वाद्याच्या आतच ठेवलेली आहे, आणि ती परीक्षा घेण्यासाठी कान तयार असावा लागतो.

आता हे वाद्य यवतमाळला आणण्याचा विचार करा. मिरज इथून पाचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कापसाची वाहतूक डोळ्यांपुढे ठेवून टाकलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे, लोकांच्या तोंडी शकुंतला, हाच कित्येक दशके जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचा लोहमार्ग होता. मुंबई-नागपूरच्या मोठ्या गाडीतून मूर्तिजापूरला उतरून छोट्या डब्यात चढायचे, आणि सोबत गळ्याशी जरा धक्का लागला तरी फुटणारा भोपळा. वाद्य सुखरूप आले तरी इथली हवा त्याला सोसत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, लाकूड आकसते, सांधे उकलतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि खुंट्या अडकतात. वर्षा-दोन वर्षांत घोडीला तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेसारखी घडणीची परंपरा विदर्भात रुजली नाही, त्यामुळे जवारीसाठी वाद्य घेऊन लांबचा प्रवास किंवा फिरत्या कारागिराची वाट पाहणे एवढेच पर्याय उरत. अशा परिस्थितीत शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातल्या मुलीने तानपुऱ्यावर रियाज करावा ही अपेक्षाच अवास्तव होती. ती हार्मोनियमचा षड्ज धरून गात असे. खरा तानपुरा आणि यंत्र यांची तुलना करताना हे विसरता येत नाही: इथे यंत्राने तानपुऱ्याला हटवले नाही. बहुतेक घरांत तानपुरा कधी आलेलाच नव्हता.

या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, म्हणून त्याचे स्वागत झाले. राज नारायण स्वतः बासरी शिकलेले होते. रियाजाला हाताशी अखंड षड्ज हवा ही गरज त्यांना वादक म्हणून ठाऊक होती. सुरुवातीच्या यंत्रांत विद्युत्‌मंडल तारेसारखा नाद निर्माण करी आणि पिळ फिरवून तो सुरात आणावा लागे. पुढच्या यंत्रांत खऱ्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण चिपमध्ये आले, मग मोबाइलचे अॅप आले आणि त्यात बोटाच्या एका स्पर्शाने हवी ती पट्टी मिळू लागली. नक्कल इतकी पटणारी का, याचे उत्तर पुन्हा जवारीतच आहे. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाचे मूळ कंपन सेकंदाला सुमारे ६९ इतके असते. तळहाताएवढ्या स्पीकरला ते झेपत नाही. पण जवारीमुळे तानपुऱ्याचा बराचसा नाद वरच्या सहायक नादांत विखुरलेला असतो, आणि ते नाद ऐकू आले की कान खालचा खर्ज आपणहून भरून काढतो. छोट्या यंत्राला तानपुरा सतारीपेक्षा किंवा पखवाजापेक्षा चांगला जमला तो यामुळे. शिवाय ते बॅटरीवरही चालत असे. दोन हजार सालानंतर विदर्भातल्या खेड्यांत रोज कित्येक तास वीज नसायची, तेव्हा या सोयीचे मोल मोठे होते. हे सगळे मी उपकार म्हणूनच मोजतो.

गिटारच्या बाजूला हे प्रकरण उशिरा आणि अधिक कष्टाने घडले. १९६० च्या दशकात लंडनच्या मार्शल किंवा अमेरिकेच्या फेंडर अॅम्प्लिफायरने जो आवाज प्रमाण ठरवला त्याची नक्कल करणारे लाइन सिक्स कंपनीचे पॉड हे यंत्र १९९८ मध्ये आले आणि घरोघर पोचले. या दिरंगाईचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर वादकाच्या हाताला प्रतिसाद देतो. तार जोरात छेडली की वॉल्व्ह आवाज फाडतो, हलकी छेडली की तो स्वच्छ राहतो. नकलेला हा प्रतिसादही साधावा लागला. तानपुरा गायकाच्या मागे एकाच गतीने चालत राहतो, त्यामुळे त्याची नक्कल सोपी होती आणि ती लवकर मान्य झाली. पण तानपुऱ्याचा प्रतिसाद वेगळ्या ठिकाणी असतो. तो गाणे सुरू होण्याआधी, खुंटी पिळताना आणि सूर बारीक जुळवण्यासाठी तारेत ओवलेला मणी सरकवताना मिळतो. गिटारवाल्यांनी आपल्या यंत्राकडून प्रतिसादाची मागणी सोडली नाही, म्हणून त्यांची नक्कल दर काही वर्षांनी सुधारली. आपण मात्र तानपुऱ्याच्या प्रतिसादाला वाद्याचा भागच मानले नाही, आणि यंत्राने तो गाळला तेव्हा तक्रार केली नाही.

हा गाळलेला भाग म्हणजे नेमके काय? खऱ्या तानपुऱ्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींशी जुळवाव्या लागतात. दोहोंत किंचित फरक असला तर आवाजात लाट येते. ती लाट मंदावत नाहीशी होईपर्यंत मणी सरकवायचा. मग खर्ज, मग पंचम, आणि शेवटी चारही तारा एकत्र वाजवून गंधार उभा राहतो का ते ऐकायचे. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमावर आणायची. हा वेळ वाया गेला असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो स्वरज्ञानाचा पहिला पाठ असतो, कारण त्यात बेसूर म्हणजे काय ते विद्यार्थी स्वतः ओळखतो आणि स्वतः दुरुस्त करतो. पिळाच्या जुन्या यंत्रात याचा थोडा अंश शिल्लक होता. मोबाइलमध्ये तो उरला नाही. तिथे स्वर आधीच बरोबर असतो. जो स्वर कधी चुकत नाही तो दुरुस्त करण्याची वेळ येत नाही, आणि जो दुरुस्त केला नाही तो पूर्ण ऐकलाही जात नाही. यवतमाळच्या विद्यार्थ्याला आज अखंड अचूक षड्ज मिळतो, जो त्याच्या आजोबांना मिळत नव्हता. तो षड्ज स्वतः लावण्याची संधी मात्र दोघांनाही मिळाली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की श्रोत्याला फरक कळतच नाही. मैफलीत तानपुऱ्यापुढे माइक असतो, आवाज मोठ्या स्पीकरमधून येतो. त्यात खरे काय आणि चिपमधले काय हे ओळखणारे थोडेच. हे मला मान्य आहे, आणि नक्कल यापुढे आणखी सुधारेल हेही मान्य आहे. ध्वनिमुद्रणाचे तुकडे पुन:पुन्हा वाजवण्याऐवजी तार आणि घोडी यांच्या स्पर्शाचे गणितच संगणकात मांडून तानपुऱ्याचा नाद तयार करण्याचे संशोधनही परदेशातल्या विद्यापीठांत झाले आहे. उद्या फरक अजिबात उरला नाही तरी माझा मुद्दा तसाच राहतो, कारण तो श्रोत्याच्या कानाविषयी नाही. गायकाचा कान कसा घडतो, याविषयी आहे. श्रोत्याला फरक कळत नाही म्हणून विद्यार्थ्याला तो पाठ नको, हे अनुमान चुकीचे आहे.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो अधिक वजनदार आहे. प्रत्येक नव्या वाद्यावर असेच आरोप झाले, मग ते वाद्य आपलेसे झाले. हार्मोनियमचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ठरावीक पट्ट्यांचे हे परदेशी वाद्य भारतीय श्रुतींना मारक आहे असे ठरवून १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने त्यावर बंदी घातली, आणि ती १९७० च्या दशकात अंशतः उठेपर्यंत तीन दशके चालली. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले ते याच काळात. विदर्भातल्या श्रोत्यांच्या रेडिओवरून हार्मोनियम हद्दपार होती आणि त्यांच्याच गावातल्या भजनी मंडळात, कीर्तनात, नाटकात ती जोरात वाजत होती. बंदीने काही साधले नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी ज्या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ते टिकले. या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. एक, यंत्राविरुद्ध फतवे काढणे व्यर्थ आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर बंदी मागणारा माणूस १९४० चीच चूक करील. दुसरी, हार्मोनियम टिकली ती साथीचे वाद्य म्हणून. गायकाच्या मागे तानपुरा होताच. हार्मोनियमने त्याचे काम आपल्याकडे घेतले नाही. यंत्राने नेमके तेच काम घेतले, आणि म्हणून ‘हेही रुळेल’ एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही.

आधारस्वर कोण धरतो यालाही अर्थ असतो, हे यवतमाळच्या खेड्यांना वेगळे सांगावे लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कोणी ना कोणी ती गळ्यात घालून उभा असतो आणि पहारा बदलला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. टाळ-मृदंगाच्या गजरात तिचा नाद बऱ्याचदा ऐकूही येत नाही. लाउडस्पीकरवर वीणेचे मुद्रण लावले तर आवाज जास्त मोठा होईल, पण सप्ताह होणार नाही, कारण पहाऱ्याला उभे राहण्याची जबाबदारी त्यातून निघून जाईल. शास्त्रीय संगीत हे भक्तीचे व्रत नव्हे आणि मैफल म्हणजे सप्ताह नव्हे, हे खरे. तरी आधारस्वर म्हणजे आवाज अधिक तो धरणारा माणूस, ही समज आपल्याच मातीत जिवंत आहे. मैफलीत गुरूच्या मागे बसून तानपुरा छेडणारा शिष्य दोन-तीन तास जे शिकतो ते याच समजेतून. यंत्र लावले की ती जागा रिकामी राहते, आणि शिष्य श्रोत्यांत जाऊन बसतो.

तिसरा आक्षेप कारागिरांच्या नावाने घेतला जातो. शिकलगारांनी तलवार सोडून तानपुरा धरला, तसे सतारमेकरही उद्या दुसरे काही धरतील. धंदा बदलतो, त्यात हळहळ कशाला? पण त्या बदलात हाताचे कौशल्य एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत गेले. जवारीचे कौशल्य चिपमध्ये जात नाही; चिपमध्ये जाते ती एखाद्या चांगल्या जवारीची नोंद. नोंद करण्यासाठीही कुणीतरी ती जवारी आधी काढलेली असावी लागते. वॉल्व्हच्या जगाने हा धडा महागात शिकला. रेडिओच्या काळात देशोदेशी, आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येसुद्धा, वॉल्व्ह बनत. ट्रान्झिस्टर आल्यावर बहुतेक कारखाने बंद झाले आणि गिटारचे अॅम्प्लिफायर रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन यांच्यावर विसंबून राहिले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या सुरुवातीला रशियातली निर्यात अडली तेव्हा जगभर टंचाईची भीती पसरली. ज्या आवाजाची लाखो यंत्रे नक्कल करीत आहेत तो मूळ आवाज मोजक्या कारखान्यांवर टांगलेला आहे, हे तेव्हा ध्यानात आले. तानपुऱ्याचे मूळही असेच मिरजेच्या काही गल्ल्यांत आणि सोलापूर जिल्ह्यातल्या भोपळ्याच्या वेलींत आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते. कौशल्य टिकते ते मागणीने, आणि मागणी मोठ्या शहरांतल्या मैफलींपुरती उरली तर नव्या मुलांना त्या धंद्यात थांबवून ठेवणे कठीण जाईल.

म्हणून माझा निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडा गैरसोयीचा आहे. रोजच्या रियाजाला यंत्र वापरावे, निःसंकोच वापरावे. यवतमाळच्या मुलामुलींना त्यानेच सुराचे दार उघडून दिले. मात्र तानपुरा लावता येणे हे गाणे येण्याचा भाग मानावे आणि त्याची परीक्षाही घ्यावी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालय मिरजेतच आहे. तानपुऱ्याच्या त्या गावातून मंडळाने वरच्या परीक्षांत विद्यार्थ्याला खरा तानपुरा प्रत्यक्ष लावून दाखवायला कसोशीने लावले, तर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्गांना ते वाद्य ठेवावेच लागेल. प्रत्येक विद्यार्थ्याने तानपुरा विकत घ्यावा असे कोणी म्हणत नाही. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड येथल्या गायनवर्गांनी आणि महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी वर्गणी काढून एकेक चांगला तानपुरा घ्यावा, आठवड्यातून एक दिवस तो मुलांच्या हातात द्यावा, आणि सर्वांनी मिळून वर्षातून एकदा मिरजेचा कारागीर बोलावून जवारी काढून घ्यावी. एका वाद्याचा खर्च एका घराला जड आहे, चाळीस घरांना नाही. गायनवर्ग चालवणाऱ्यांनी आणि पालकांनी येत्या वर्षाची सुरुवात या एका खरेदीने करावी, एवढीच विनंती आहे.